न गळणारी भट्टी

“धुराकडे पाठ कर, मनी. डोळे चोळू नकोस, चोळले की जास्त झोंबतात. वारा कुठून येतोय ते गालाला विचार… आणि मग उभी राहा.”

बाबा जाऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं, पण हा आवाज काही गेला नव्हता. थोडा घोगरा, थोडा हसरा. कधी भाजी चिरताना यायचा, कधी रस्ता ओलांडताना. त्या सकाळी तो आला तेव्हा मनीचं डोकं भंगारवाल्याच्या आवारात, आडव्या पडलेल्या एका लोखंडी ड्रमच्या आत होतं. गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून ती मन लावून वास घेत होती.

ठक्… ठक्… ठक्.

“कोणी आहे का घरात?”

मनी दचकली. डोकं वर आपटलं.

“आई गं!”

“आई नाही, मी आहे. बाहेर येताय की चहा आतच पाठवू?”

ती बाहेर आली. नाकाच्या शेंड्याला गंज, केसांत जळमटं. समोर एक तरुण उभा होता. कानामागे खडूचा तुकडा, बाह्या दुमडलेल्या, हातांवर बारीक बारीक भाजल्याचे डाग. चेहरा एकदम गंभीर, पण डोळे… डोळे मात्र हसत होते.

“वास घेत होते,” ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

“ड्रमचा?”

“हो. रंगाचा असला तर नको, औषधाचा असला तर मुळीच नको. खायच्या तेलाचाच हवा. हा आहे. शेंगदाण्याचा असावा.”

तो वाकला. त्यानेही डोकं आत घातलं, दोनदा श्वास ओढला आणि बाहेर आला.

“मला तर नुसता गंज येतोय.”

“मग तुमचं नाक कामातून गेलंय.”

“जाणारच. दिवसभर वेल्डिंगचा धूर खातो.”

“मलाही हा धुरासाठीच हवाय,” मनी म्हणाली आणि ड्रमवर हात ठेवला, म्हणजे प्रश्न मिटला.

टायरांच्या राशीवर बसलेल्या भंगारवाल्या काकांनी पेपर खाली केला. “अरे टाकीवाल्या, तो तर मी सकाळीच तुझ्यासाठी बाजूला काढला होता की!”

“मला आधी सापडला,” मनी म्हणाली.

“मला आधी कबूल झाला,” टाकीवाला म्हणाला.

“डोकं कोणाचं होतं आत?”

त्याने काकांकडे पाहिलं, काकांनी पुन्हा पेपरात तोंड घातलं. तेव्हा टाकीवाला हसला. त्याचं हसू असं उशिरा यायचं आणि आलं की बराच वेळ मुक्काम करायचं. मनीला हे पुढे फार चांगलं कळणार होतं.

“बरं. ड्रम तुमचा,” तो म्हणाला. “पण कापणार कशाने? विळीने?”

अशी ओळख झाली.

धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मनीच्या बाबांची खानावळ होती. पुढे भाजायची लांब शेगडी, मागच्या अंगणात विटांची धुराची खोली. सकाळी मीठमसाला लावून टांगलेलं मांस संध्याकाळपर्यंत त्या खोलीत पेरूच्या लाकडाचा धूर पीत राहायचं. बोटीवरची माणसं म्हणायची, बोट धक्क्याला लागायच्या आधी आम्हाला तुमचा वास लागतो. मनीचा जन्मच त्या वासातला. ऊब सोडून हलायची नाही म्हणून बाबांनीच तिला मांजरीचं नाव दिलं, आणि ते घरादाराने उचललं.

मग रस्ता रुंद झाला. शेगडी गेली, घर मागे सरकवताना धुराची खोली गेली, अंगणाचा बोळाएवढा पट्टा उरला. आणि नंतर बाबाच गेले.

ते गेल्यापासून आईने धुरावरच्या मांसाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तिने आपलं मनाशी धरलं होतं, आणि ती ते पाळत होती.

दादाचं फरशांचं दुकान. त्याला त्या पट्ट्यावर गोदाम बांधायचं होतं. मनीला तिथे पुन्हा धूर हवा होता. बहीणभाऊ जेवताना भांडले, तेव्हा आई ताटावरून न उठता हळूच म्हणाली, “खाणार मी नाही. पण नाकाला कोण अडवतंय? तुझ्या बाबांचा वास आला तर अंगण तुझं, मनी. नाही आला तर दादाला बांधू दे. ते रिकामं अंगण रोज बघवत नाही गं मला.”

म्हणून तो ड्रम.

टाकीवाल्याचं वर्कशॉप पत्र्याचं होतं. तो पाण्याच्या टाक्या बनवायचा. त्याची टाकी गळते असं गावात आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि ह्या एका गोष्टीचा त्याला कोण अभिमान! मनी ड्रम घेऊन गेली त्या दुपारी पावसाची सर आली. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की बोलायचं तर जवळ यावं लागे. दोघं जमिनीवर उकिडवी बसली, मध्ये खडू.

“जागा एकच आहे,” मनी मोठ्याने म्हणाली. “आणि भाजणंही हवं, धूरही हवा. दोन भट्ट्या मावत नाहीत.”

“मग एकीतच दोन करू. ओरडू नका, मी इथेच आहे.”

त्याने आडवा ड्रम काढला. मधोमध कापून वरचा अर्धा भाग झाकण. आत खाली निखारे, वर जाळी. ड्रमच्या एका टोकाला उभं पिंप, त्यात मांस टांगायचे आकडे. दोघांच्या मध्ये सरकणारी पट्टी.

“ही पट्टी बंद आणि झाकण उघडं — म्हणजे शेगडी. पट्टी उघडी आणि झाकण बंद — म्हणजे धूर इकडून तिकडे जाणार, वाटेत जरा निवणार आणि टांगलेल्या मांसाला लागणार.” त्याने वर पाहिलं. “चालेल?”

मनी चित्राकडे बघतच राहिली. दोन वर्षं मनात जे नुसतं घुसमटत होतं, ते ह्या माणसाने खडूच्या चार रेघांत जमिनीवर मांडलं होतं.

“चालेल,” ती म्हणाली. “फक्त एक. फटी नकोत. बाबांच्या खोलीला इतक्या फटी होत्या की बोटं जायची. चिंध्या कोंबून कोंबून दिवस काढले त्यांनी. आपलं काम पक्कं हवं.”

“फटी?” त्याने छातीवर हात ठेवला. “माझ्याकडे? पाणी भरून दाखवीन तुमच्या भट्टीत.”

सर थांबली होती. पत्रा केव्हाच गप्प झाला होता, आणि दोघं अजून तितक्याच जवळ बसली होती. हे आधी मनीच्या लक्षात आलं. ती उठली, तर खडूवर पाय पडला… नेमका सरकत्या पट्टीवर.

“मोडलंत माझं घर,” तो म्हणाला.

“परत काढा. मी उद्या येते बघायला.”

ती उद्या गेली. परवाही गेली. काम बघायला जायचं निमित्त चांगलं होतं. जाळी किती उंच हवी, आकडे किती लांब हवे, झाकणाची मूठ लाकडी हवी — सांगायला रोज काहीतरी निघायचंच. तो काच लावून वेल्डिंग करायचा तेव्हा ती पाठ फिरवून बसायची आणि ठिणग्यांचा तो चुरचुर आवाज ऐकायची. मग काच वर करून तो म्हणायचा, “झालं. बघा आता.” ‘बघा’चं ‘बघ’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

“तू बोलत का नाहीस रे फारसं?” एकदा तिने विचारलं.

“तू थांबलीस की बोलीन म्हणतो.”

“मग सांग ना आधी!”

“तेच तर… थांबत नाहीस.”

पुढे कितीतरी वर्षांनी तिला ते दिवस आठवायचे, तेव्हा आधी लोखंड आठवायचं. तापून निवणाऱ्या लोखंडाचा तो पावसाळी वास, आणि त्यावरून हात फिरवून बघणारी त्याची बोटं. सांधा कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं नाही, इतकं ते काम गुळगुळीत होतं. भट्टी घरी आली तेव्हा त्याने खरंच तिच्यात पाणी भरून दाखवलं. टिपूस गळलं नाही. दादासुद्धा म्हणाला, “कामाला तोड नाही बुवा.”

रविवारी पेटवायचं ठरलं.

मनीने बाबांसारखाच मसाला लावला. पेरूची वाळकी लाकडं रचली, पेटवली, मांस टांगलं, झाकण लावलं. टाकीवाला कडेला उभा. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि मनीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आधी काहीच झालं नाही. मग पिंपाच्या टोकाशी लावलेल्या बारीक नळीतून पांढरा, जाडजूड धूर आला. आला तो आला, हलेचना. अंगणात बसूनच राहिला. शेजारच्या काकूंनी दोरीवरचे कपडे खसाखसा ओढले.

“डासांची सोय झाली एकदाची,” दादा खोकत म्हणाला.

मनीने झाकण उघडलं तर आग विझत आलेली. फुंकर घातली, पुन्हा पेटवली, पुन्हा झाकलं. पुन्हा तेच. दिवस कलायला लागला तेव्हा आई मागच्या दारात आली. पदर खांद्यावर घेतला, डोळे मिटले. मनीने श्वास रोखून धरला होता.

“हा नाही गं,” आई म्हणाली. “हा… कडू आहे.”

एवढंच. ती आत गेली. जाताना तिने दाराच्या चौकटीला हात लावला, आधार घ्यावा तसा, आणि तो हात टाकीवाल्याने पाहिला.

मनीने एक तुकडा तोडून जिभेवर ठेवला. औषधाचा काढा जिभेवर वाळावा तशी चव. तिने मागे पाहिलं तर टाकीवाला पाने-पकडी गोळा करत होता.

“थांब ना.”

तो थांबला नाही. त्याची मान जी खाली गेली, ती फाटकाबाहेर पडेपर्यंत वर आली नाही.

“पुढच्या सोमवारी गवंडी बोलावतोय मी,” दादा म्हणाला. रागाने नव्हे, उलट फार हळू. “आईला अजून कितीदा त्या दारात उभं करायचं, मनी?”

दुसऱ्या दिवशी मनी पिंप घासायला बसली. आतून काळा, चिकट थर. सुरीने खरवडावा तर सुरीलाच चिकटत होता. हा धूर बाहेर पडलाच नव्हता. आतल्या आत फिरून, निवून, भिंतींना आणि मांसाला चिकटला होता. आणि आग… आगीला तरी श्वास कुठून मिळणार? दोघांनी मिळून तिच्या नाकातोंडावर झाकण लावलं होतं.

सुरी तशीच हातात राहिली. बाबांच्या त्या खोलीच्या फटी… बाबा त्यात चिंध्या कोंबायचे हे खरं. पण ते त्या काढायचेही! ‘ती वरची काढ, मनी. खालची घाल. आता जरा सोड.’ दिवसभर त्या चिंध्या इथून तिथे फिरायच्या आणि तिला वाटायचं, घर मोडकं आहे म्हणून ठिगळं लावतायत. ती ठिगळं नव्हती. बाबा त्या फटींनी आग चालवायचे.

ती हात न धुताच निघाली.

वर्कशॉपमध्ये टाकीवाला एका टाकीवर वाकला होता. काच चेहऱ्यावर, पण ठिणगी एक नाही.

“आत कोणी आहे का?” तिने पत्र्यावर ठकठक केलं.

त्याने काच वर केली. “आजवर माझं काम परत आलं नव्हतं.”

“काम नाही परत आलं. मी आलेय.”

“चूक माझी आहे, मनी. मी धुराला नळी लावली ती टाकीच्या ओव्हरफ्लोच्या मापाची. दुसरं माप मला येतच नाही.”

“आणि फटी नकोत असं कोणी सांगितलं होतं? माझी चूक आहे.”

“नाही, माझी.”

“भांडतोस काय? ड्रमसारखं ह्यावरही आधी हात कोणी ठेवला ते बघायचंय का?”

त्याला हसू आलं. उशिरा, पण आलं. मग तिने त्याला चिंध्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याने कानामागचा खडू काढला. खाली आगीजवळ भोकं, त्यावर सरकत्या पट्ट्या. वर मनगटाएवढं धुराडं, त्यालाही झाकण. हवं तेव्हा उघडायचं, हवं तेव्हा मिटायचं.

दुपारी अंगणात त्याने ड्रिल भट्टीला टेकवलं आणि तसाच उभा राहिला.

“काय झालं?”

“हात होत नाही गं. स्वतःच्या हाताने बंद केलेलं, त्यालाच भोक पाडायचं…”

मनी पुढे झाली. ड्रिलवरच्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला. काळा, चिकट, कालचा धूर माखलेला. “मी आहे ना. चालव.”

लोखंडाची बारीक चकचकीत वेटोळी दोघांच्या पायांवर पडत राहिली. पहिलं भोक पडलं तेव्हा तो थांबला. तिने हात काढला नाही.

“आत कोंडलं की कडू होतं म्हणजे,” तो म्हणाला. भट्टीकडेच बघत.

“होतं.”

“मग मला एक विचारायचंय.”

“विचार की.”

“आत्ता नाही. आत्ता विचारलं तर… कामाच्या जोरावर विचारल्यासारखं होईल. तुझ्या आईला हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे. मग विचारीन.”

“मग रविवारी ये.”

त्याने मान हलवली. “नको. काल त्यांनी चौकट धरली ना… ते मला परत नाही बघवणार. मी वर्कशॉपमध्ये बसतो. कळेलच कुणाकडून तरी.”

“कुणाकडून कशाला? मी येईन,” मनी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला तिचाच आवाज निराळा वाटला. “गोड झालं तर डबा घेऊन येईन. कडू झालं तर रिकाम्या हाताने येईन. पण रविवारी येईन, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन जाईन. शब्द देते.”

“प्रश्न काय ते तरी ऐक.”

“उत्तर तयार आहे. तू प्रश्न तेवढा नीट जोड. कुठे गळायला नको.”

तो लाल झाला, अगदी कानांपर्यंत. मग उरलेली भोकं त्याने एकट्याने, झरझर पाडली.

रविवार उजाडला. दादा हात कमरेवर ठेवून उभा होता, गवंड्याला सोमवारचं सांगून झालं होतं. मनीने लाकडं रचली, खालच्या पट्ट्या पूर्ण उघडल्या. आगीने असा श्वास घेतला की तो ऐकू आला. मग तिने एक पट्टी अर्धी मिटली. वरचं झाकण जरा सरकवलं. पुन्हा खालची. कुणी सांगत नव्हतं आणि ती कुणाला विचारत नव्हती, हात आपोआप जात होते. पांढरा धूर पातळ झाला, आणखी पातळ झाला, आणि दुपार टळताना धुराड्यातून नुसती निळसर झुळूक निघायला लागली. आहे की नाही असं वाटावं इतकी. शेजारच्या काकूंचे कपडे दोरीवर तसेच राहिले. उलट काकूच कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, उगाच.

आई दारात आली.

ह्या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती चौकटीत उभी राहिली, मग पायरीवर आली, मग चपला न घालताच अंगणात. भट्टीसमोर येऊन थांबली. धूर तिच्या अंगावरून गेला, केसांतून गेला, आणि ती हलली नाही. दादा काही बोलायला गेला, मनीने त्याचा दंड धरला.

आईने हात पुढे केला. तळहात वर करून, लहान मूल मागतं तसा.

“आई… तू खात नाहीस ना?” मनीच्या तोंडून निघून गेलं.

“ते परत येईपर्यंत नाही, असं धरलं होतं,” आई म्हणाली. “दे.”

मनीने तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. आईने सावकाश खाल्ला, फार सावकाश. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हसत होती.

“मीठ कमी घातलंस,” ती म्हणाली. “त्यांचंही कमीच असायचं. कितीदा सांगितलं… ऐकलं नाही कधी.”

दादाने तोंड फिरवून खिशातून फोन काढला. “हां, गवंडीमामा? उद्या नका येऊ. नाही, परवाही नको.” फोन ठेवला, नाक ओढलं आणि करड्या आवाजात म्हणाला, “मला पण द्या की थोडं. मी काय शेजारचा आहे?”

मग आई पायरीवर बसली आणि बाबांच्या गोष्टी निघाल्या. बोट चुकलेला तो प्रवासी, वास घेत आलेला तो तिकीटमास्तर. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात बाबांचं नाव कुणी न अडखळता घेत होतं. दादा खिदळत होता. काकू कुंपणावरून ताटली पुढे करत होत्या.

मनीने सगळ्यात जाड भागातून एक तुकडा कापला. डब्यात ठेवला, झाकण अलगद टेकवलं, दाबलं नाही. तोंड धुतलं, पण केसांतला धूर तसाच राहू दिला. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा दादाकडे वळून गोष्ट पुढे सुरू केली.

मनीने कडीचा आवाज होऊ न देता फाटक उघडलं. डबा दोन्ही हातांत धरला. तो गरम होता. आणि ती वर्कशॉपच्या दिशेने चालायला लागली.